सहाच्या सहा

१४ जून

मिरे,

वर मायना काय घालावा म्हणून दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. तेव्हा नुसतंच मिरे.

फोन करणार नाही. फोनवर आपलं दुसऱ्या वाक्यालाच वाजतं आणि सध्या मला तेवढी सवड नाही. पत्ता भाऊने दिला. तुझा पत्ता त्याच्याकडे आहे हेच मला माहीत नव्हतं. आई गेल्यापासून आम्ही दोघं एका घरात राहतो, एकाच किल्लीने दार उघडतो, आणि तुमची कार्डं येतात-जातात ती त्याच्या दुकानाच्या पत्त्यावर. असो. ज्याचं त्याला.

भाऊच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. रक्तदाब कधीचा वाढलेला होता, त्याने कधी तपासला नाही. पाय सुजायचे, तर म्हणायचा, दिवसभर शिडीवर उभं राहून पाट्या रंगवल्या की सुजणारच. चेहरा सुजला तेव्हा म्हणाला, झोप जास्त झाली. मी वर्षानुवर्षं अकरावी-बारावीला उत्सर्जनसंस्था शिकवते. माझ्या वर्गातला किडनीचा तक्ता त्यानेच रंगवलेला आहे, एकेक नलिका बारीक कुंचल्याने. रंगवताना विचारायचा, ‘पुस्तकात वृक्क का म्हणतात गं? हा काय वृक्षाचा मावसभाऊ?’ आणि रोज समोर बसून जेवणाऱ्या त्या माणसाचे पाय मला दिसले नाहीत. हे तू म्हणायच्या आत मीच म्हणते.

आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मीच नेते. प्राचार्यांनी माझे तास सकाळी लावून दिलेत. मोठ्या खोलीत ओळीने खुर्च्या आहेत. त्याचं रक्त नळीतून यंत्रात जातं, गाळून परत येतं. नळीला हात लावला तर कोमट लागते. तो डोळे मिटून पडतो, मी वह्या तपासते.

घाबरू नकोस. मी त्याला माझी किडनी देणार आहे. रक्तगट एकच आहे, बाकी तपासण्या चालू आहेत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘भावंडं किती?’ मी म्हटलं, ‘दोन.’ भाऊ डोळे न उघडता म्हणाला, ‘तीन.’ म्हणून हे पत्र.

तू यायचं काही कारण नाही. कळवलं, एवढंच.

ताई


५ जुलै

मिरे,

तुझं कार्ड आलं. ‘येऊ का?’ एवढंच, आणि खाली तुझी ती ऐटबाज सही. लगेच उत्तर दिलं नाही, कारण मला ‘नको’ असं कळवायचं होतं आणि त्यासाठी रिपोर्ट हातात हवा होता.

रिपोर्ट आला. माझी किडनी चालत नाही.

तू बारावीत जीवशास्त्राच्या तासांना दांड्या मारून तलावावर जायचीस, म्हणून थोडक्यात सांगते. प्रत्येक पेशीच्या अंगावर ओळखीच्या खुणा असतात. आपलं कोण आणि परकं कोण हे शरीर त्यावरून ठरवतं. या खुणांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ बसलेली असतात, त्यामुळे बहुधा पुंजक्यानेच पुढच्या पिढीत उतरतात. एक पुंजका आईकडून, एक बाबांकडून. दोन भावंडांचे दोन्ही पुंजके सारखे निघण्याची शक्यता चारात एक. एकच सारखा निघण्याची चारात दोन. आणि एकही सारखा नसण्याची पुन्हा चारात एक. ही चौकट मी दर वर्षी फळ्यावर काढते. शेवटच्या घरात खडू टेकवून म्हणते, ‘आणि हे बघा, सख्खे असून परके.’ मुलं हसतात.

त्या घरात मी निघाले.

तेवढ्यावरही अडलं नसतं. एकही खूण न जुळता किडनी बसवतात, औषधांच्या जोरावर. पण सुरुवातीला भाऊचं रक्त फार उतरलं होतं तेव्हा त्याला बाहेरचं रक्त चढवलं होतं. त्यातल्या परक्या खुणा बघून त्याच्या शरीराने प्रतिपिंडं तयार केली, आणि ती नेमकी माझ्या अंगावरच्या खुणांविरुद्ध आहेत. त्याचं रक्तद्रव आणि माझ्या पेशी एका नळीत एकत्र केल्या. माझ्या पेशी भराभर मेल्या.

‘मनाला लावून घेऊ नका,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

‘मनाचा प्रश्नच नाही,’ मी म्हटलं, ‘मी हाच विषय शिकवते.’ आणि जिन्यात जाऊन बसले. कोणीतरी बादली घेऊन फरशी पुसत होतं, त्याने मला पाय वर घ्यायला सांगितलं. मी घेतले.

दुसऱ्या दिवशी वर्गात प्रतिकारशक्तीचा धडा होता. टाळता आला असता, नाही टाळला. शेवटच्या बाकावरची चष्मेवाली उभी राहिली. ‘मॅडम, म्हणजे शरीराला बहीण ओळखता येत नाही?’

‘नाही. शरीराला नाती कळत नाहीत.’

‘मग आईच्या पोटात बाळ कसं टिकतं? ते पण अर्धं परकंच ना?’

‘चांगला प्रश्न आहे. उद्या सांगते.’ उत्तर मला येतं, मिरे.

भाऊ म्हणतो, मिरेला विचार. तर विचारते आहे. तपासणी तुझ्या शहरातही होते, सोबत डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी जोडली आहे. जुळेलच असं नाही. वर लिहिलंय ते ध्यानात असू दे, चारात एक.

ताई


२८ जुलै

मिरे,

अभिनंदन. सहाच्या सहा.

सहा मुख्य खुणा तपासतात, दर पुंजक्यातल्या तीन; तुझ्या सहाही भाऊशी जुळल्या. डॉक्टरीणबाईंचा फोन शिक्षकखोलीत आला. बाई एरवी अगदी मोजकं बोलतात, पण परवा हसत होत्या. ‘जुळी भावंडं वाटावीत असा रिपोर्ट आहे हो!’ मी म्हटलं, ‘वा.’ आणि फोन ठेवून बारावीच्या चाचणीचे पेपर तपासले. त्या दिवशी वर्गातले निम्मे नापास झाले. नंतर सगळे पुन्हा तपासावे लागले.

भाऊने सगळ्या खोलीला सांगितलं. शेजारच्या खुर्चीवरच्या निवृत्त पोस्टमनला, त्याच्या बायकोला, चहा आणणाऱ्या बाईला. ‘माझी धाकटी. पोहायला शिकवते. पाण्यात सोडली की मासा.’ त्या दिवशी त्याने दाढी केली. यंत्र लावणारा तंत्रज्ञ मला म्हणाला, ‘म्हणजे भाऊंना सख्खी बहीण आहे तर!’ मी तिथेच उशाशी उभी होते, भाऊच्या चपला हातात धरून.

तुला राग येईल, येऊ दे. तू ज्याला हात लावतेस ते तुझं होतं, हे मी लहानपणापासून बघत आले. आई शेवटची आजारी होती तेव्हा चमच्याने पाणी मी पाजायचे. पाणी प्यायची माझ्या हातून आणि हाक मारायची, ‘मिरे.’ मी म्हणायचे, ‘मी ताई.’ ती मान हलवायची, एक घोट घ्यायची आणि पुन्हा, ‘मिरे.’ तू आलीस ती सगळं आटोपल्यावर. दारात मी तुला जे बोलले ते मला शब्दन्शब्द आठवतं, तुलाही आठवत असेल. त्यावर आज काही लिहीत नाही.

आता इथे तुझी तयारी सुरू झाली आहे. भाऊ म्हणतो, ‘तिला तुझी खोली दे, तिला सकाळचं ऊन लागतं.’ मला काय लागतं हे त्याला ठाऊक आहे का, कोण जाणे. विचारलं नाही. माझे कपडे मी मधल्या खोलीत हलवले.

पण मी शास्त्राची शिक्षिका आहे, दोन्ही बाजू मांडणं माझं काम. तेव्हा नीट वाच. माणूस एका किडनीवर जगतो, पण तुझ्या उरलेल्या एका किडनीला काही झालं तर बदली कोणी नाही. शस्त्रक्रियेत रक्तस्राव होऊ शकतो, जखम चिघळू शकते. क्वचित, फार क्वचित, देणारा दगावतो. काही आठवडे जड उचलायचं नाही, तलावात उतरायचं नाही. तुझी नोकरी पाण्यातली आहे. पुढे रक्तदाब वाढू शकतो, दर वर्षी तपासण्या कराव्या लागतील, आयुष्यभर. तुझं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं असं भाऊकडून कळलं. पत्रिका आली नव्हती. मूल हवं असेल तर किडनी दिल्यानंतरच्या गरोदरपणात रक्तदाबाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. आणि एवढं करूनही नवी किडनी चालेलच याची हमी नाही.

‘नाही’ म्हणायचा हक्क तुला अगदी शेवटच्या क्षणापर्यंत आहे. कारण द्यावं लागत नाही. भाऊला मी समजावीन.

ताई


२ सप्टेंबर

मिरे,

तुझ्याकडून काहीच आलं नाही. मला नाही, आणि या वेळी दुकानाच्या पत्त्यावरही नाही. मी स्वतः जाऊन बघितलं. शटर उघडलं तर दाराखालून सरकवलेली दोन बिलं होती, बाकी काही नाही. अर्धवट रंगवलेली एक पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली आहे.

भाऊला परवा रुग्णालयात ठेवावं लागलं. फुप्फुसांत पाणी झालं. आडवं पडलं की श्वास कोंडतो, म्हणून बसूनच झोपतो, समोरच्या टेबलावर उशी ठेवून तिच्यावर डोकं टेकून. हाताची शीर बिघडली आहे, आता गळ्याजवळून नळी घातली आहे. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘बहिणीचं काय झालं? आता फार थांबता येणार नाही.’

भाऊ मला विचारतो, ‘तू तिला नीट लिहिलंस ना?’

‘लिहिलं.’

‘नीट?’

‘नीट लिहिलं रे भाऊ.’

पुढे बोलायला त्याचा दम पुरत नाही.

त्या पत्रात मी काय काय लिहिलं ते पुन्हा आठवून पाहिलं. एकही विधान चुकीचं नाही. परीक्षेत कोणी तसं उत्तर लिहिलं तर मी पूर्ण गुण देईन. पण ते तुझ्या काळजीने लिहिलेलं नव्हतं. तू येऊ नयेस म्हणून लिहिलं होतं. तुझ्या लग्नाचं, मुलाचं, तलावाचं, जिथे टोचेल तिथे बघून टोचलं.

तू येऊ नयेस असं मला वाटत होतं. भाऊ मरावा असं वाटत नव्हतं. पहिल्याच्या पोटात दुसरं होतं, आणि मी पेशीच्या पोटातलं सगळं शिकवणारी बाई, मला ते दिसलं नाही. डोळ्यांवर कातडं ओढलं की काही दिसत नाही.

मी त्याला द्यायला निघाले होते, मिरे. मी रिपोर्टच्या आधीच रजेचा अर्ज लिहून ठेवला होता. वर्गात तो तक्ता दाखवताना मनात म्हणायचे, यातली एक लवकरच त्याची होणार. मला ते हवं होतं. त्याच्यासाठी हवं होतं, आणि माझ्यासाठीही, की यानंतर कोणी मला त्याच्या उशाशी उभी असताना ‘सख्खी बहीण आहे तर’ असं म्हणणार नाही. ते तुला मिळालं. न मागता, लांबून, दंडातलं थोडं रक्त देऊन. माझा जळफळाट झाला. अजून होतो आहे. तो संपल्यावर तुला लिहावं म्हटलं तर तेवढा वेळ भाऊकडे नाही, म्हणून जळतच लिहिते आहे.

ये. खोली तयार आहे. माझं तोंड बघायचं नसेल तर मी मैत्रिणीकडे राहीन. पण ये.

ताई


१९ ऑक्टोबर

मिरे,

तू आत झोपली आहेस आणि मी दाराबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. दोघींमध्ये एक दार आहे, तरी पत्रच. तोंडाने सांगायला गेले तर तू हसशील किंवा चिडशील, आणि दोन्हीने टाके दुखतात.

माझं दोन सप्टेंबरचं पत्र तुला पोचलंच नाही. तू त्याच्या आधीच घरून निघाली होतीस. ते तुझ्या घरी टपालात पडलेलं असेल, परत गेल्यावर मिळेल. फाडून टाक असं म्हणणार होते, पण नको. वाच.

तू रुग्णालयाच्या दारात पाठीवर पिशवी लावून उभी होतीस. केस कापलेले, खांदे पुरुषासारखे रुंद. मी ओळखलं नाही, तूच म्हणालीस, ‘काय गं, म्हातारी झालीस.’ मी म्हटलं, ‘एक ओळ लिहायला काय झालं होतं?’ झालं, दुसऱ्या वाक्याला सुरुवात. आणि मग तू ते सांगितलंस. माझं पत्र मिळालं तशी ते घेऊन तू तुझ्या शहरातल्या डॉक्टरांकडे गेलीस, त्यांच्यापुढे ठेवलंस आणि म्हणालीस, यातलं एकेक तपासा. रक्तदाब, हृदय, फुप्फुसं, पोटातली छायाचित्रं, बायकांच्या डॉक्टरांचा सल्ला, सगळं. महिना त्यातच गेला. खात्री नसताना भाऊला आशा लावायची नव्हती, म्हणून लिहिलं नाहीस.

‘डॉक्टरांनी विचारलं, बहीण डॉक्टर आहे का?’ तू म्हणालीस. ‘म्हटलं, नाही, मास्तरीण आहे. तर म्हणाले, इतकं स्वच्छ आम्हीसुद्धा समजावून सांगत नाही. ताई, नवऱ्याला तुझंच पत्र वाचून दाखवलं. त्याच्या सगळ्या शंका तिथेच मिटल्या.’

मी तुला घाबरवायला लिहिलं आणि तू ते अभ्यासाला घेतलंस. पिशवी घेते म्हटलं. तू दिली नाहीस.

भाऊच्या फुप्फुसांतलं पाणी उतरून सगळ्या परवानग्या मिळेपर्यंत सव्वा महिना गेला. आता शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारचं लिहिते. परिचारिका तुझ्या खोलीत कागद घेऊन आली. भाऊची माहिती हवी होती, आणि तू सहाच्या सहा वाली, म्हणून तुलाच विचारत सुटली. त्यांना कुठलं औषध सोसत नाही? आधी कधी भूल दिली होती का? उजव्या कुशीवर झोपतात की डाव्या? तू एकेका प्रश्नाला माझ्याकडे बघत होतीस. शेवटी म्हणालीस, ‘हिला विचारा हो. माझं नुसतं रक्त जुळतं.’

ती गेल्यावर तू खिडकीकडे तोंड करून बोललीस. ‘तू रोज त्याच्यासमोर बसून जेवलीस. मला कार्डावर मावेल तेवढाच भाऊ मिळाला. मला तुझा किती राग यायचा, माहितेय? वाटायचं, ही सगळंच घेऊन बसली. आई पण, भाऊ पण. मला दारातून परत पाठवलं आणि आतून कडी लावली.’

मी तुझा गाऊन उलगडला आणि परत त्याची घडी घातली. माझा हेवा करण्यासारखं माझ्याकडे काही आहे हे मला या वयात पहिल्यांदा कळत होतं. आणि खरं सांगू? बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, ते नंतर वाटलं.

सकाळी तुला आधी नेलं, मग भाऊला. मी बाहेर. दुपारी शल्यविशारद टोपी काढत आले आणि म्हणाले, ‘रक्तवाहिन्या जोडल्या आणि टेबलावरच लघवी सुरू झाली. तुमच्या बहिणीची किडनी एकदम कामसू आहे.’ मिरे, मूत्र हा शब्द मी वर्गात हजारदा उच्चारला असेल. मुलं खिदळतात, मी डोळे वटारते. परवा नुसतं ‘लघवी’ ऐकून मी त्या डॉक्टरांचा हात धरून रडले. आणि रडतारडता मनात आलंच, ‘तुमच्या बहिणीची.’ बघ, अशी मी आहे.

भाऊच्या खोलीत आणखी काही दिवस कोणाला जाऊ देणार नाहीत, जंतुसंसर्गाची भीती. काचेतून बघायचं. शुद्धीवर आला तेव्हा मी काचेशी उभी होते. त्याने मला पाहिलं, हात जरासा उचलला, आणि ओठ हलवून विचारलं, ‘मिरे?’ मी मान डोलावली, की बरी आहे. तो झोपला. पलंगाशेजारी पिशवी लटकत होती, ती भरत चालली होती. मी तिच्याकडे किती वेळ बघत बसले कोण जाणे. आत तू काम करत होतीस आणि मी काचेबाहेर. उशाशी बसायची जागाही आता माझी राहिली नाही.

म्हणून तुझ्याकडे आले. दुसरीकडे जायला जागा नव्हती, एवढंच त्याचं कारण, उगाच मोठेपणा नको. तू त्या परिचारिकेशी हुज्जत घालत होतीस. तिला तुला खोकायला लावायचं होतं, नाहीतर छातीत कफ साचतो, आणि तू दुखतं म्हणून खोकत नव्हतीस. मी वर्गातला आवाज काढला, ‘उशी पोटाशी धर. घट्ट. आता खोक. पुन्हा.’ तू खोकलीस आणि मला एक सणसणीत शिवी दिलीस. परिचारिका चपापली. मग तू धापा टाकत विचारलंस, ‘त्याला झाली का?’

‘काय?’

‘शू.’

‘झाली. पिशवी भरली.’

‘हात्तिच्या!’ म्हणून हसायला गेलीस आणि कळवळलीस.

भाऊ बरा होतो आहे. काल त्याच्या रक्तातलं विष बरंच उतरलं. जन्मभर औषधं घ्यावी लागतील, पण तुझ्याशी इतकं जुळतं की मात्रा कमी पुरेल म्हणतात. तू लवकरच परत जाशील, आणि तो दर सकाळी औषध घेताना तुझं नाव काढील, माझ्यासमोर. मला ते आवडणार नाही. तसं झालं तर तुला पत्राने कळवीन, आता पत्ता आहे.

आज सकाळी तुला पलंगावरून उतरवायचं होतं. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते घट्ट पांढरे मोजे घालायला सांगितलेत. तुझ्याने खाली वाकवेना, आणि परिचारिका दुसरीकडे अडकली होती. मी मोजा गुंडाळून हातात घेतला आणि खाली फरशीवर बसले. तू माझ्या डोक्याकडे बघत होतीस. मला वाटलं, आता ‘राहू दे, मी घालते’ म्हणणार. मी वाट बघत थांबले.

तू पाय पुढे केलास.

ताई